मी येतो की मी येते?

नमस्कार मंडळी. आज जरा इंग्रजीतल्या त्या 'ही', 'शी', 'दे'च्या भांडणावर बोलूया, म्हणजे एखाद्याला 'ही' (तो) म्हणायचं, 'शी' (ती) म्हणायचं, की दोन्ही टाळून 'दे' (ते). कॅनडात २०१७ मध्ये लिंगओळख भेदभावाविरुद्धच्या कायद्यात आली तेव्हा यावरून केवढा गदारोळ झाला, स्वीडनमध्ये तर 'हान' म्हणजे तो, 'होन' म्हणजे ती, यांच्या जोडीला तो-ती काहीच न सांगणारं 'हेन' आलं आणि २०१५ ला तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीतही गेलं. आपल्याकडे लोक म्हणतात, हे सगळं फॉरेनचं फॅड. मला वाटतं त्यांनी स्वतःचं मराठी कधी कान देऊन ऐकलेलंच नाही.

इंग्रजीत 'आय' म्हटलं की माणूस सुटतो, वाद काय तो इतरांनी त्याला काय म्हणायचं याचा. आपल्या 'मी'लाही लिंग नाही, पण पुढचं क्रियापद लगेच चुगली करतं, येतो, येते, गेलो, गेले, दिवसातून शंभरदा. बरं, 'दे'सारखं 'ते' वापरावं, तर 'ते आले' म्हणजे कुणी मोठे गृहस्थ आणि 'ते आलं' म्हणजे मूल नाहीतर मांजर!

आमच्या शेजारी एक जण आहे, लहानपणापासून सगळे मुलगी म्हणतात, स्वतःला ते पटत नाही. बोलणं ऐका, 'मला निघायचंय', 'मला भूक लागलीय', 'मी भाकरी खाल्ली'. यात लिंग भाकरीचं, खाणाऱ्याचं नाहीच! असे अख्खे दिवस काढलेत. एकदा तोंडातून 'निघतो' गेलं तर आत्या कडाडली, 'आमच्यात असं बोलत नाहीत हं.' आणि आत्या कुठली, तर कोल्हापूरची, जिथे पोरी सर्रास 'मी जातो, मी आलो' म्हणतात आणि कुणाला काही वाटत नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हटलं की बोली, एकट्याने म्हटलं की आगाऊपणा. हे 'आमच्यात' कोण ठरवतं हो?

सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला सांगून टाकलं की आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. पण घरात येतो-येते ते कोर्ट थोडंच बोलून देणार. मी सरळ विचारलं, तुला 'आलास' म्हणू की 'आलीस'? उत्तर आलं, 'आलास म्हणा काका, पण आईसमोर नको, अजून.' मग आईसमोर मी विचारतो, 'काय, कधी येणं झालं?'