अंधारात हात कुठवर पोचतो?

नमस्कार श्रोतेहो. तीस वर्षं वायरमनचं काम करतोय, त्यामुळे कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी वर जाते. कारण आपल्याकडे फ्यूजची पेटी, म्हणजे मेन स्विच आणि घरभर वीज वाटून देणारी डीबी, हमखास दाराच्या वर, माळ्याला चिकटून ठोकलेली असते.

याला कारण होतं. पूर्वी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असायचे. फ्यूज उडाला की तो ओढून काढायचा, दोन स्क्रूंमध्ये बारीक तार आवळायची, पुन्हा खोचायचा. लाकडी फळीवर सगळं उघडंच. पोरांचा हात पोचू नये म्हणून ते उंच नेलं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. आता एमसीबी आले, म्हणजे भार जादा झाला की आपोआप पडणारे खटके. पुढे नुसते खटके, तारा सगळ्या झाकणामागे. पेटी मात्र अजून छताखालीच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका आजींकडे गेलो होतो. एकट्या राहतात, उंची चार फूट दहा इंच. गिझरच्या बोर्डातून धूर येऊ लागला म्हणून मेन बंद करायला स्टुलावर चढल्या. पेटीवर टांगलेलं कॅलेंडर बाजूला करताना तोल गेला. दाराची कडी हाती लागली म्हणून वाचल्या. शेवटी शेजारच्या मुलानं येऊन मेन पाडला.

तेव्हापासून माझं माप एकच. घरातल्या जाणत्या माणसांत जे सगळ्यांत बुटकं, त्याचा हात दोन्ही पाय जमिनीवर ठेवून खटक्याला लागला पाहिजे. साधारण साडेचार ते पाच फूट. २ मीटरपेक्षा वर पेटी नको, असं आपल्या वायरिंगच्या मानकातही आहे. घरात तान्हं, रांगतं पोर असेल तर झाकण लागणारी पेटी घ्या.

जागा म्हणाल तर आतल्या बाजूला, मुख्य दाराजवळ किंवा पॅसेजमध्ये. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, तिच्यात ओल उतरते. ओट्याच्या वर नको. वाफ आणि फोडणीचा चिकटा आत जातो. आणि कपाटात तर नकोच नको! एखादा स्क्रू ढिला पडला की तिथे तार तापते, आणि समोर साड्यांची चळत. पेटीपुढे माणूस सरळ उभा राहील एवढी जमीन मोकळी ठेवा. चपलांचं स्टँड, फ्रिज, सायकल, सगळं नेमकं तिथेच कसं येतं, देव जाणे.

पुराच्या गावांत मात्र हिशेब बदलतो. चिपळूणला २०२१च्या जुलैमध्ये पाणी किती चढलं ते आपण पाहिलं. तिथे पाच फुटांवरची पेटीही बुडते. माडी असेल तर पेटी माडीवरच्या जिन्यापाशी घ्या, आणि खालच्या मजल्याची लाइन वेगळी करून घ्या, म्हणजे वर दिवा ठेवून खालचं बंद करता येतं. पाण्यात उभं राहून मात्र खटक्याला हात लावू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी त्याच्यावरच्या दिव्या-पंख्यांत वीज असते. म्हणून त्याचं बटण कुठे आहे तेही घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि एमसीबी पडला की खटका कधी कधी मध्येच लटकतो. तो आधी पूर्ण खाली दाबायचा, मग वर. पुन्हा लगेच पडला तर तिसऱ्यांदा हट्ट करू नका, वायरमनला बोलवा.

पेटी हलवायची तर रंगकाम काढाल तेव्हा, परवानाधारक माणसाकडून. मीटरच्या सीलला हात लावू देऊ नका.

आजींची पेटी आम्ही खाली घेतली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा खटका, बसवला. त्यावर चाचणीचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर आरसीसीबी बदलायचा. कॅलेंडर आता पेटीच्या शेजारी आहे. एक तारखेला आजी पान उलटतात, बटण दाबतात, अंधार झाला की खटका वर करतात आणि चहा ठेवतात.