निंबोळीतलं औषध पाण्यात उतरवताना

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. मृग लागला की गावोगावच्या निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. झाड धुऱ्यावरचं असो की मारुतीच्या पारावरचं, आपण तो सडा तुडवत जातो, आणि ऑगस्टात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे आले की कृषी केंद्रात औषधाची उधारी मागतो.

निंबोळीच्या बीत किडींना आवरणारं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. इंग्लंडमधल्या बटरवर्थ आणि मॉर्गन या शास्त्रज्ञांनी १९६८ साली ते वेगळं काढलं. पारखायला त्यांनी वाळवंटी टोळ घेतले होते. ज्या अर्काला टोळ तोंड लावेनात, त्यात द्रव्य आहे असं धरायचं! हेच द्रव्य प्रयोगशाळेत घडवायला केंब्रिजच्या रसायनतज्ज्ञांना २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. आपल्या धुऱ्यावर ते दरवर्षी फुकट तयार होतं.

पण ते असतं मुख्यतः बीच्या मगजात. पाल्यात फार थोडं. म्हणून पाला उकळून फवारणाऱ्यांचं दुहेरी नुकसान होतं, कारण उकळल्यावर जे थोडं असतं तेही मोडतं. उन्हातही ते टिकत नाही. घाण्यावर तेल काढलं तरी बराच भाग पेंडीतच राहतो.

झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्याच वेचा, हिरव्या ओरबाडू नका. गर चोळून बी धुवा आणि सावलीत वाळवा. पावसाच्या दिवसांत खरी जिकीर इथंच आहे. पडवीत पातळ पसरा, रोज हलवा. ओल राहिली की बुरशी चढते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाळलेली बी बारदान्याच्या पोत्यात भरा, प्लास्टिकच्या थैलीत नको.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो बी बारीक कुटून १० लिटर पाण्यात भिजू घाला. हे द्रव्य पाण्यात सावकाश उतरतं, म्हणून भरड ठेवू नका आणि रात्रभराचा वेळ द्या. दुसऱ्या दिवशी फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबेल आणि शिव्या मला बसतील. २०० ग्रॅम धुण्याची पावडर लिटरभर पाण्यात वेगळी विरघळवून अगदी शेवटी मिसळा. सगळं मिळून १०० लिटर करा. हा झाला ५ टक्के अर्क. चार वाजल्यानंतर फवारा आणि त्याच दिवशी संपवा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. क्षाराच्या पाण्यात हे द्रव्य लवकर मोडतं. बोअरचं खारं पाणी टाळा, साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडी मेलेल्या दिसणार नाहीत. "काहीच झालं नाही" म्हणत लगेच दुसरं औषध मारू नका. हा अर्क किडीची भूक मारतो, लहान अळीला कात टाकू देत नाही, अंडी घालणंही कमी करतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि लहान अळ्यांवर तो चालतो. बोंडात शिरून बसलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत मात्र तो पोचत नाही. तिथं निंबोळीवर भिस्त ठेवणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. निंबोळी तेवढी जहाल नाही, तरी तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हा अर्कही डोळ्यांत झोंबतो.

कपाशीवर वापरून बी उरली तर पुढच्या सालासाठी ठेवू नका, जुन्या बीची ताकद उतरते. हरभरा निम्मा फुलोऱ्यात आला की घाटेअळीसाठी पहिली फवारणी याच अर्काची घ्या. नमस्कार.