विलंबित आधी, द्रुत नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते आणि नोकरीसाठी वाशीला जाते. २००४ मध्ये ट्रान्स हार्बर मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी माझा पहिला एमपीथ्री प्लेअर विकत घेतला. आज माझ्या पर्समध्ये आहे तो तिसरा. फोनमध्ये जगातली सगळी गाणी मिळत असताना हे वेगळे यंत्र कशाला सांभाळतेस, असे घरातली मुले मला अधूनमधून विचारतात. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देणे मला कधी जमले नाही, म्हणून आज ते तुमच्यापुढे सविस्तर मांडते. या यंत्राचे गुण सांगताना त्याने दिलेला त्रासही मी लपवणार नाही, कारण या दोन गोष्टी एकमेकींपासून फारशा वेगळ्या नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ठाण्याहून वाशीला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. गाडी ठाण्यातूनच सुटत असल्यामुळे सकाळी थोडे लवकर गेले की बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. मी प्लेअर पर्समधून बाहेरही काढत नाही, आत हात घालून अंगठ्याने बटण चाचपते आणि दाबते. ऐरोली येईपर्यंत आलापीत राग मनात बसतो, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असे करत ख्याल भरत जातो आणि तुर्भे मागे पडता पडता द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, सुरू होते. हा अर्धा तास सलग मिळतो, आणि हे त्या यंत्राचे सर्वात मोठे देणे आहे. फोनवर हेच ऐकायला घेतले तर मधे बँकेचा संदेश येतो, कचेरीतला कुणीतरी फोन करतो, एखादी जाहिरात तानेच्या मधोमध शिरते, आणि हे काहीच झाले नाही तरी पडद्यावर काय आले आहे ते पाहण्यासाठी हात आपोआप फोनकडे जातो. प्लेअरकडे पाहण्यासारखे काही नसते. त्यामुळे लक्ष कानाकडेच राहते.

दुसरे देणे नेटवर्क न लागण्याचे. पूर्वी रविवारी मी डोंबिवलीला बहिणीकडे जात असे. तेव्हा ठाण्याहून सुटलेली जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ सालचा हा बोगदा १.३ किलोमीटर लांब आहे. गाडी आत शिरली की शेजारच्या प्रवाशांचे फोनवरचे बोलणे अर्ध्यातच तुटायचे. माझा अभंग मात्र त्या अंधारात एका मात्रेनेही चुकत नसे. गाणे माझ्याजवळ होते, कुठून यायचे नव्हते. आज इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांमध्ये हक्कांचे करार संपले की काल ऐकलेले गाणे आज सापडत नाही. प्लेअरमध्ये भरलेले गाणे असे निघून जात नाही.

या यंत्राचा इतिहास फार मोठा नाही. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि चालता चालता एकट्याने गाणे ऐकण्याची सवय जगाला लागली. एमपीथ्री वाजवणारे पहिले प्लेअर १९९८ मध्ये आले. त्यांची साठवण ३२ एमबी होती, म्हणजे त्यांत नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत, ठाणे ते वाशी एवढीच. २००१ मध्ये ५ जीबीचा आयपॉड आला, खिशात हजार गाणी असे त्याचे वर्णन केले गेले, आणि २०२२ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. माझ्या पहिल्या प्लेअरची साठवण १ जीबी होती आणि त्यात सुमारे सतरा तासांचे संगीत राहत असे. मला तेवढे पुष्कळ होते.

आता तक्रारीकडे वळते. माझी मुख्य तक्रार यंत्राच्या कलपुर्जांविषयी नाही. ज्यांनी हे यंत्र आणि त्यातली फाइल बेतली, त्यांच्या डोळ्यांपुढे तीन-चार मिनिटांचे गाणे, एक गायक आणि एक अल्बम एवढेच होते. आपले संगीत त्या साच्यात सरळ बसत नाही.

एक उदाहरण देते. एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणाच्या माझ्याकडे दोन फाइली होत्या. दोन्हींना रागाचे नाव दिलेले होते आणि त्यापुढे एकीला विलंबित, म्हणजे संथ लयीतला आधी गायचा भाग, आणि दुसरीला द्रुत असे लिहिले होते. प्लेअरने त्या वर्णानुक्रमे लावल्या. रोमन लिपीत डी हे अक्षर व्हीच्या आधी येते आणि आपल्या लिपीतही द हा व च्या आधी येतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कळव्याच्या खाडीवर गाडी असतानाच माझ्या कानात एकदम द्रुत बंदिश सुरू झाली आणि ती संपल्यावर विलंबित. राग उलटा उभा राहिला. कीर्तनाची गंमत याहून वेगळी. पूर्वरंग म्हणजे निरूपण आणि उत्तररंग म्हणजे आख्यान, ही नावे रोमन लिपीत लिहिली तर क्रम बरोबर लागतो, पण देवनागरीत लिहिली तर उ हा प च्या आधी येतो आणि आख्यान आधी, निरूपण नंतर असे होऊन बसते. शिवाय काही स्वस्त प्लेअर वर्णानुक्रमही पाळत नाहीत, ज्या क्रमाने फाइली मेमरी कार्डात भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. यावर उपाय एकच: प्रत्येक फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घालायचे आणि त्याच क्रमाने एकेक फाइल भरायची. शून्य विसरले तर काही यंत्रांत एकनंतर दहा येतो आणि मग दोन.

गाणी सरमिसळ करून वाजवण्याची जी शफल नावाची सोय असते, ती मी कायमची बंद ठेवली आहे. मैफल भैरवीने संपते हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. सकाळी ठाण्याच्या फलाटावरच भैरवी लागली तर दिवस सुरू होण्याआधीच आवरल्यासारखा वाटतो.

दोन फाइलींच्या मधे पडणाऱ्या खंडाचा त्रास अधिक सूक्ष्म आहे आणि मला तो सर्वात जास्त टोचतो. एमपीथ्री फाइल ध्वनीचे छोटे छोटे तुकडे करून साठवते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत असा एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. फाइल तयार होताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. तीन मिनिटांच्या गाण्यांत ती कळत नाही, कारण तशीही दोन गाण्यांच्या मधे शांतता असतेच. पण एकच मैफल दोन फाइलींत विभागलेली असेल तर मधेच तंबोरा तुटतो. गायक श्वास घेत असतो, तबलजी ठेका बदलण्याच्या बेतात असतो, आणि खालचा तो अखंड षड्ज, म्हणजे सा, क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा येतो. ज्या प्लेअरला ही रिकामी जागा मोजून वगळता येते त्यावर असे होत नाही. नवा प्लेअर घेताना मी प्रथम हेच तपासते. दुकानात माझ्या कार्डातल्या दोन फाइली वाजवून पाहते आणि तंबोरा सलग राहिला तरच किंमत विचारते.

आणखी एक गोष्ट नावांची. गाण्याची माहिती फाइलीच्या आत लिहिण्याची एक पद्धत १९९६ मध्ये रूढ झाली. त्या पहिल्या पद्धतीत गाण्याच्या नावासाठी तीस बाइट्स, कलाकारासाठी तीस, अल्बमसाठी तीस, आणि संगीतप्रकारासाठी ऐंशी नावांची ठरलेली यादी होती. त्या यादीत ब्लूज आहे, पोल्कासुद्धा आहे, पण अभंग नाही, लावणी नाही आणि ख्यालही नाही. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह आजच्या सर्वसाधारण लेखनपद्धतीत तीन बाइट्स घेते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ एवढे एकच नाव लिहिले की तीस बाइट्स संपतात, हे मी स्वतः मोजले आहे. पुढे ही पद्धत सुधारली. गीतकार आणि संगीतकार यांनाही जागा मिळाली, पण लहान प्लेअरच्या पडद्यावर बहुधा एकच नाव दिसते. भावगीत आपण कवीच्या नावानेही ओळखतो आणि संगीतकाराच्या नावानेही. राग आणि ताल यांना तर रकानाच नाही. त्यातच माझ्या दुसऱ्या प्लेअरला देवनागरी नीट काढता येत नसे. ऱ्हस्व वेलांटी फाइलीत व्यंजनानंतर साठवलेली असते आणि वाचताना ती व्यंजनाआधी काढावी लागते, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते. ‘विठ्ठल’ लिहिले की व सुटा पडायचा, वेलांटी त्याला सोडून ठ च्या डोक्यावर जाऊन बसायची आणि जोडाक्षराचे दोन तुकडे व्हायचे.

माझ्या आईच्या आवाजातल्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याकडे होती. आई स्वयंपाकघरात बसून ओव्या म्हणत असताना भावाने ती भरून घेतली होती, आणि मागे कुकरची शिटीही ऐकू येते. आई गेल्यावर मी ती कॅसेट संगणकावर उतरवून प्लेअरमध्ये भरली. पहिल्यांदा लावली तेव्हा पडद्यावर अक्षरे आली, ‘अननोन आर्टिस्ट’. यंत्राचा यात काही दोष नव्हता. रकाना मी रिकामा ठेवला होता. त्या संध्याकाळी घरी येऊन मी सगळ्या ओव्यांवर आईचे नाव लिहिले, रोमन लिपीत लिहिले, कारण देवनागरीत ते मोडले असते आणि तिचे नाव मोडलेले मला पाहायचे नव्हते.

कलपुर्जांचा त्रास त्या मानाने सुसह्य आहे. हेडफोनची पिन जिथे घालतो ती जागा रोजच्या ओढाताणीने सैल होते. एकदा सानपाड्याजवळ भावगीत ऐकत असताना गायिकेचा आवाज अचानक नाहीसा झाला आणि व्हायोलिन, बासरी तेवढी लांबून आल्यासारखी वाजत राहिली. मला वाटले फाइलच बिघडली. नंतर कळले की डाव्या आणि उजव्या कानासाठी जी सामाईक तार असते तिचा स्पर्श सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खोडतो. गाणारी व्यक्ती बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखी ठेवलेली असते, म्हणून तीच आधी हरवते. पिन थोडी फिरवून पाहिली की उलगडा होतो.

बॅटरीचे दुखणे मात्र हमखास आहे. प्लेअरची पाठ किंचित वर आली म्हणून मी तो स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बारीक पट्टीने झाकण उचकटले आणि आतली चंदेरी पुडी मला दाखवली. ती पुरीसारखी टम्म झाली होती. “ताई, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवता ना? आता हिला हातसुद्धा लावू नका, टोचली तर पेट घेईल,” तो म्हणाला. त्या मापाची बॅटरी आता येत नाही, असे सांगून त्याने दुसऱ्याच कुठल्या यंत्राची, थोडी लहान बॅटरी डाग देऊन बसवली. पूर्वी वीस तास चालणारा प्लेअर आता बारा तास चालतो, आणि तेवढ्यात माझा जाण्यायेण्याचा आठवडा निघतो.

कानांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लोकलच्या खडखडाटात आवाज वाढवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे फक्त ५ तास उरतात. कानात घट्ट बसणारी बोंडे वापरली तर बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि आवाज लहान ठेवता येतो. फलाट बदलताना आणि रस्ता ओलांडताना मात्र ती काढून हातात घ्यावीत.

आपल्या संग्रहाची प्रत दुसरीकडे ठेवा, हे मी नुकसान सोसून शिकले. माझा पहिला प्लेअर नव्या संगणकाला जोडला तेव्हा, आतले सगळे पुसून नव्याने भरू का, असा प्रश्न पडद्यावर आला. मी घाईत होकार दिला आणि चार वर्षे जमवलेली गाणी मिनिटभरात गेली. त्यांतली काही पुन्हा मिळाली, काही आजतागायत मिळालेली नाहीत. आता एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर असते.

ठाण्याच्या पावसाळी हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि ती एकदा पसरली की आवाज दबून जातो. तुमच्या घरात आजीच्या, वडिलांच्या, गावच्या भजनी मंडळाच्या अशा कॅसेटी असतील तर त्या कोरड्या दिवसांत बाहेर काढा. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, त्यात लवकर करण्याची सोय नाही. पहिली प्रत एमपीथ्रीत न करता ध्वनीचा काहीही भाग न गाळणाऱ्या फ्लॅक पद्धतीत करा, प्लेअरसाठी लहान प्रत त्यावरून केव्हाही काढता येते. आणि ऐकता ऐकताच रकाने भरत जा: कोण गाते आहे, पेटीवर कोण आहे, कोणत्या गावी, कोणत्या साली. आमच्या आईच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिच्यासोबत आणखी एक बाई ओव्या म्हणते. ती कोण, हे आता आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही, आणि तिचा रकाना अजून रिकामा आहे.

नमस्कार.