टेकडी म्हणून हसलात तर

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत अजून चहा चालू आहे पण आपण सुरू करू, बिस्किटं संपायची वाट बघितली तर हॉल रिकामा करायची वेळ येईल.

आधी एक सांगा, लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येच्या त्या तळ्या-डोंगरांच्या भागात, कोण कोण जाऊन आलंय? बघा, जवळजवळ सगळेच. आता यातले विंडरमिअरच्या तळ्यात बोटीत बसून, आइस्क्रीम खाऊन, फोटो काढून परत आलेले किती? हां, तेवढेच हात आहेत. लाजू नका, पहिली चार वर्षं मीही तेच केलं. कारण डोक्यात पक्कं बसलेलं की इंग्लंडात डोंगर नाहीतच. मी पुण्याची, कॉलेजात असताना दर रविवारी सिंहगड ठरलेला, आणि सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, कळसूबाई तर १६४६. आणि इथलं अख्ख्या इंग्लंडातलं सगळ्यात उंच शिखर, स्कॉफेल पाइक, फक्त ९७८ मीटर! म्हणजे सिंहगडावर भजी तळणारी मावशी इंग्लंडच्या डोक्याच्याही तीनशे मीटर वर बसलेली असते. हा विनोद मी ऑफिसातही मारला होता, कोणी हसलं नाही.

त्याची भरपाई कशी झाली ते सांगते.

समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे चढ नव्हे, ही साधी गोष्ट मला कळली नव्हती. पुणंच मुळात साडेपाचशे मीटरवर, सिंहगडाच्या पायथ्याला पोचेपर्यंत निम्मी उंची एसटीने चढून दिलेली असते. स्कॉफेल पाइकला बॉरोडेल या दरीच्या बाजूने जायचं तर सीथवेट नावाच्या शेतवाडीपासून सुरुवात होते, ती जेमतेम सव्वाशे मीटरवर. म्हणजे साडेआठशे मीटर आपल्या पायांनी. शिवाय हे सीथवेट इंग्लंडातल्या वस्तीच्या ठिकाणांपैकी सगळ्यात जास्त पावसाचं, वर्षाला ३ मीटरच्या वर. तुम्ही म्हणाल महाबळेश्वरला याहून किती तरी जास्त पडतो, बरोबर आहे, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत हिशोब चुकता करून मोकळा होतो, इथला बारा महिने हप्त्याहप्त्याने येत राहतो आणि हप्ता कधी येणार ते कळवत नाही.

जूनमधला शनिवार होता. मी आणि नवरा, खाली लख्ख ऊन, मेंढ्या, झुळझुळणारा ओढा, मी म्हटलं जॅकेट गाडीतच ठेवू या का. नशीब त्याने ऐकलं नाही. वर गेलो तर शेवटचा टप्पा म्हणजे नुसते दगड, माती नाही, गवत नाही, कोणीतरी डंपर उलटा केल्यासारखे, त्यामुळे पायवाट म्हणून काही दिसतच नाही, अधूनमधून रचलेली दगडांची रास दिसली की तिकडे जायचं. माथ्यावर दगडांचा मोठा गोल चौथरा आहे. हे शिखर लॉर्ड लेकनफील्ड यांनी पहिल्या महायुद्धात गेलेल्या लेक डिस्ट्रिक्टच्या माणसांच्या स्मरणार्थ देशाला देऊन टाकलं, आता ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. त्या चौथऱ्यावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, आणि तिसरी पुरी हातात असताना ढग आला. आला म्हणजे कसा, समोर बसलेला नवरा आहे की नाही हे विचारावं लागावं असा.

आता ऐका, चूक इथे झाली, आणि बहुतेकांची इथेच होते. आम्हाला परतताना कॉरिडॉर रूट नावाच्या वाटेने उतरायचं होतं. ती शिखरावरून वायव्येला निघते आणि थोडं उतरल्यावर एक खिंड लागते तिथे उजवीकडे वळायचं. पण सरळ खाली जाणारी वाट चांगली रुंद, मळलेली, आणि धुक्यात माणूस मळलेल्या वाटेवर विश्वास ठेवतो. दोन तास उतरलो. ढगाच्या खाली आलो तर समोर एक लांबलचक काळंशार तळं. नवरा म्हणाला, "हे तळं आपण सकाळी पाहिलं होतं का?" मी म्हटलं नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे गाडीही इथे नाहीये."

आम्ही वॉझडेल नावाच्या भलत्याच दरीत उतरलो होतो. लेक डिस्ट्रिक्टच्या दऱ्या मधल्या डोंगरांपासून चारी बाजूंना फुटतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या, ही उपमा माझी नाही, कवी वर्डस्वर्थची आहे, पण मला ती त्या संध्याकाळी कळली. मधल्या तुंब्यापाशी दोन आऱ्यांमध्ये चार बोटांचं अंतर, आणि बाहेरच्या धावेपाशी पोचलात की पार दुसरीकडे! सीथवेट तिथून चालत सात-आठ किलोमीटर, पण मध्ये डोंगर, आणि गाडीने जायचं तर अख्ख्या जिल्ह्याला वळसा, तास-दीड तासाचा. टॅक्सी कुठून येणार, फोनला रेंज नव्हती. वॉझडेलची माणसं अभिमानाने सांगतात की आमच्याकडे इंग्लंडातला सगळ्यात उंच डोंगर, सगळ्यात खोल तळं, सगळ्यात छोटं चर्च आणि सगळ्यात मोठा थापाड्या. तो थापाड्या म्हणजे विल रिट्सन, एकोणिसाव्या शतकातला तिथला खाणावळवाला. त्याच्या नावाने अजून थापा मारण्याची स्पर्धा होते. त्या दिवशी पाचवी गोष्ट आम्ही होतो.

तर परत चढलो. स्टाय हेड नावाची खिंड आहे, साधारण ४८० मीटरवर, म्हणजे दमलेल्या पायांनी आणखी चारशे मीटर चढ. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून निभावलं, ऑक्टोबर असता तर हे व्याख्यान दुसऱ्या कोणी दिलं असतं. खिंडीत एक पेटी आहे, माउंटन रेस्क्यूची, आत स्ट्रेचर. ही सगळी स्वयंसेवकांची पथकं, नोकऱ्या करून रात्रीबेरात्री कॉल आला की निघणारे लोक, तुमच्याकडून एक पैसा घेत नाहीत. ९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं, हे मात्र पाठ करून ठेवा. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून परत सहा.

मोबाइलवर मॅप होता की, असं कोण म्हणालं? होता. बॅटरी वरच्या फोटोंत संपली होती. तेव्हापासून मी कागदी नकाशा नेते, ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा, आणि सोबत होकायंत्र. आणि वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने, १८९२ सालचा आहे पण अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या ग्रुपसाठी मी त्यात डबे उघडण्याचा एक तास धरते.

बरं, हा नारिंगी नकाशा उघडलात की त्यावर हिरव्या तुटक रेषा दिसतील, सगळीकडे, जाळं विणल्यासारख्या. माझ्या मते या देशातल्या डोंगरांपेक्षा या रेषा जास्त बघण्यासारख्या आहेत. त्या पायवाटा आहेत, आणि नुसत्या पायवाटा नाहीत, कायद्याने तुमचा-माझा हक्क असलेल्या. इंग्लंड आणि वेल्स मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास. जमीन कोणाचीही असो, शेतकऱ्याची, लॉर्डची, वाट सगळ्यांची. शेताच्या मधून वाट जात असेल तर नांगरल्यावर ती परत चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, निदान एक मीटर रुंद. मी पहिल्यांदा लंडनजवळच्या सरे परगण्यात अशी वाट चालले तेव्हा गव्हातून जाताना सारखी मागे बघत होते, आता कोणीतरी "ए, कुठं निघालात" म्हणून ओरडणार. शेतकरी ट्रॅक्टरवरून हात करून गेला. आपण फक्त फाटक जसं होतं तसं सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि गाई दिसल्या की हात जोडा पण लांबून, वासरं सोबत असतील तर वळसाच घाला. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याचा पट्टा सोडून द्या, तो पळून वाचतो, आपण वाचत नाही.

लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर पुस्तकं लिहिणाऱ्या वेनराइटबद्दल विचाराल म्हणून थोडक्यात. ब्लॅकबर्नचा माणूस, १९३० साली तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा विंडरमिअरला आला, स्टेशनजवळच्या ऑरेस्ट हेड या टेकडीवर चढला आणि तिथेच अडकला. पुढे केंडलच्या नगरपालिकेत खजिनदार झाला आणि फावल्या वेळात २१४ डोंगरांचे हाताने नकाशे-चित्रं काढत सात पुस्तकं केली. आता लोक ते २१४ एक्सेलमध्ये टिक करत फिरतात. मला ते आवडत नाही, पण माझाही आकडा ४३ आहे, खोटं कशाला बोलू. ऑरेस्ट हेडला मात्र जाच, अर्ध्या तासाचं काम आहे, आइस्क्रीम उतरल्यावर खा.

तर या वाटा आणि माळरानं आयती मिळालेली नाहीत. मँचेस्टरच्या बाहेर किंडर स्काउट म्हणून डोंगर आहे, ६३६ मीटर, वर सपाट पठार, इतकं सपाट की सर्वोच्च ठिकाण शोधायला गेलात तर चिखलात हिंडत बसाल. त्यावरचा धबधबा, किंडर डाउनफॉल, वाऱ्याच्या दिवशी उलटा वर उडतो, नाणेघाटात पावसाळ्यात बघितलाय ना, तसाच. १९३२ साली हे पठार बंद होतं, कशासाठी, तर वर्षातले काही दिवस बड्या लोकांना ग्राउस पक्ष्याची शिकार करता यावी म्हणून. आणि खाली मँचेस्टरमध्ये गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं, रविवारी श्वास घ्यायला जागा शोधणारी. २४ एप्रिलला हेफील्डहून चारेकशे जण निघाले, पुढे बेनी रॉथमन, वय वर्षं २०. वर राखणदारांशी झटापट झाली, खाली आल्यावर अटका, आणि पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास. गंमत म्हणजे चालणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांना हा प्रकार पसंत नव्हता, त्या म्हणत होत्या अर्ज-विनंत्यांनी काम होत आलंय ते बिघडवाल. पण शिक्षा इतक्या कडक झाल्या की लोक पोरांच्या बाजूने गेले. १९४९ ला कायदा आला, १९५१ ला देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते नेमकं इथेच, पीक डिस्ट्रिक्ट. मोकळ्या डोंगर-माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क यायला मात्र २००० साल उजाडलं. २००२ मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकने, ज्यांच्या घराण्याची ती जमीन होती, जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.

या पठाराच्या कडेने पेनाइन वे जातो, ४३० किलोमीटरची वाट, १९६५ साली खुली झाली. आणि हक्क मिळाल्यावर माणसं एवढी चालली, एवढी चालली, की खालची पीट, ती काळी भुसभुशीत जमीन, पार लगदा झाली, गुडघाभर. मग तिथे फरशा टाकल्या, हेलिकॉप्टरने आणून. मोठ्या जाड दगडी फरशा. त्यांतल्या कितीतरी लँकेशरच्या बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या जमिनीतून उखडून आणलेल्या आहेत.

मी गेल्या मार्चमध्ये त्यांवरून चालले, स्नेक पास या घाटरस्त्याच्या बाजूने. काही फरशांना गोल भोकं आहेत, यंत्रं जिथे बोल्टने जखडली होती तिथे, त्यांत पावसाचं पाणी साठलेलं. माझे आजोबा परळला गिरणीत होते. मी तिथे बसून डबा खाल्ला, नवरा म्हणाला चल, ढग येतोय, मी म्हटलं येऊ दे, फरशी दिसतेय तोवर वाट चुकत नाही.

तर आपली मंडळाची ट्रिप तिथेच आहे, हेफील्डहून वर आणि परत. नावं लिहायची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. बुटाचा तळवा दाखवल्याशिवाय नाव लिहून घेणार नाही, जोशीकाकू, तुमचे ते पांढरे सुद्धा.