सुया, करंट आणि मणक्याचा मार
(अंबाजोगाईतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो सुया आणि करंटचा, म्हणजे इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरचा. त्यावर बोलणार आहेच, पण आधी ऊसतोडीतल्या फळीवर बोलू द्या. मोळी, मुकादम, उचल हे इथं कुणाला समजावून सांगायला नको.

डोक्यावर उसाची मोळी घेऊन माणूस ट्रकला लावलेल्या फळीवरून चढतो. पहाटेच्या दवानं फळी ओली, पाय चिखलानं भरलेले. माझ्याकडं आलेला एक तरुण तिथूनच पाठीवर आदळला. चौघांनी त्याला हातापायांना धरून उचललं, मधे पाठीचा झोळा झाला, आणि जीपमध्ये अर्धवट बसवून नेलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण मोडलेला मणका हलला की आतला मज्जारज्जू आणखी चेंगरतो. अहो, 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला हलवू नका. हलवणं भागच असेल, तर तीच फळी घ्या, मान-पाठ एका रेषेत धरून त्याला तिच्यावर घ्या आणि बांधा. फडातल्या प्रत्येक टोळीला हे यायला हवं.

ऑपरेशन झालं, पाय हलेनात. मग गावात कुणीतरी सांगितलं, सुया टोचून करंट देतात, महिन्यात चालायला लागतो. घरच्यांनी बैलजोडी विकली. तिथं संवेदना कुठवर आहे हे कुणी तपासलं नाही, लघवीचं विचारलं नाही. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम झाली होती, दर दोन तासांनी कूस बदला एवढंसुद्धा त्याच्या आईला कुणी सांगितलं नाही. माझा राग सुईवर नाही, या आश्वासनावर आहे.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. तर मूळ मुद्दा.

इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरमध्ये अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून त्यांना जोडीजोडीनं तारा लावतात आणि सौम्य करंट सोडतात. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांनी दाखवलं, की 2 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन ठोक्यांना, शरीरात एन्केफॅलिन, एंडॉर्फिन सुटतात आणि 100 हर्ट्झला डायनॉर्फिन; ही सगळी शरीराचीच वेदना शमवणारी द्रव्यं. मज्जारज्जूच्या इजेनंतर पाय ताठरतात, त्यावर बिंदूंवर दिलेला 100 हर्ट्झचा प्रवाह उपयोगी पडतो, हेही त्यांच्या गटानं मांडलं. उंदरांत सूज कमी होऊन पेशी तगलेल्या दिसल्यात. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत, बरेचसे चीनमधले आणि कच्च्या आखणीचे. म्हणून दुखणं, ताठरपणा, लघवीवरचा ताबा यांसाठी फिजिओथेरपीच्या जोडीनं करून बघा, पण ‘चालवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आमच्या त्या तरुणाचा ताठरपणा व्यायाम, औषधं आणि सुया मिळून उतरला. श्रेय एकट्या सुईला मी देणार नाही. तो आता रात्री झोपतो आणि लघवीची नळी स्वतः घालतो. त्याच्या घरात याला फार मोल आहे.

शेवटचं, घाईत सांगतो. पेसमेकर असेल तर करंट नको. बधिर कातडीवर भाजलं तरी रुग्णाला कळत नाही, तेव्हा नजर उपचार करणाऱ्यानंच ठेवायची. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकलं, घाम फुटला, की करंट बंद, रुग्णाला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे आणि आधी लघवीची नळी तुंबलीय का बघायचं. आपल्याकडं असं झालं तर काय करता, हे सुई हातात घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा.