कुर्डुवाडीचा हमाल आणि समुद्राखालची रेघ

नमस्कार मंडळी. विषय बघून निम्मे लोक येणार नाहीत असं मी घरी म्हणालोच होतो, रेल्वे रेग्युलेटर, म्हणजे रेल्वेच्या टोल-भाड्याचा पंच, म्हणल्यावर कोण येतंय! पण आपण सोलापूरची माणसं, रूळ आपल्या दारातूनच गेलेत, म्हणून सुरुवात कुर्डुवाडीपासून करतो.

1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, 762 मिलीमीटरचा बारका गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर. शेजारी जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी लाइन, 1676 ची. आता बार्शीकडून आलेलं पोतं पुढं मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीत हमालानं ते बारक्या डब्यातून उचलायचं आणि मोठ्या डब्यात टाकायचं, दुसरा मार्गच नाही. पुढं 1911 ला ही गाडी लातूरला पोचली, आणि लातूर तेव्हा निजामाचं, म्हणजे गेजची अडचण होतीच, वर राज्याची हद्द पण आली. गेजची अडचण डोळ्याला दिसते, हमालाच्या पाठीला कळते. हद्दीची अडचण मात्र कागदात असते, ती दिसत नाही म्हणून जास्त त्रास देते.

युरोपात हेच मोठ्या प्रमाणावर आहे. फ्रान्सचा गेज 1435, स्पेनच्या जुन्या लाइनचा 1668. विजेचं तर विचारूच नका. लंडन-ब्रुसेल्स धावणाऱ्या सुरुवातीच्या युरोस्टार गाडीला फ्रान्समध्ये 25 हजार व्होल्ट, बेल्जियममध्ये 3 हजार, आणि इंग्लंडात लंडनजवळ रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून 750, एवढं सगळं एकाच इंजिनात बसवावं लागलं! पण ते इंजिनिअर लोकांनी जमवलं. नियमांचं जमवायला जास्त वर्षं गेली, मला तर गंमत त्याचीच वाटते.

इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा रेल्वे बोगदा, चॅनल टनेल, बघा. साधारण 50 किलोमीटर लांब, त्यातले 38 समुद्राखाली. 1 डिसेंबर 1990 ला मधल्या सर्व्हिस बोगद्यात दोन्हीकडच्या कामगारांनी भोक पाडून हात मिळवले. 1994 ला गाड्या सुरू. देखरेखीला दोन्ही सरकारांनी नेमलेल्या माणसांचं एक संयुक्त कमिशन, 1986 च्या करारातून आलेलं. आता बोगद्यातून गाडी नेणाऱ्या कंपनीची, म्हणजे गाडीवाल्याची, तक्रार असली की बोगद्याचा टोल जास्त आहे, तर जायचं कुठं? त्याच कमिशनकडं! म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्सची तक्रार चेअरमनच्याच पाहुण्यांकडं नेण्यासारखं झालं. 2013 ला युरोपियन युनियनच्या कमिशननंच ब्रिटन-फ्रान्सला सुनावलं की तुमचं हे संयुक्त कमिशन स्वतंत्र नाही, नीट करा.

मग 2015 ला टोल आणि गाड्यांच्या प्रवेशाचं काम दोन देशांच्या स्वतंत्र रेग्युलेटरांकडं गेलं, इंग्लंडचा ओआरआर आणि फ्रान्सचा एक. अर्धा बोगदा याचा, अर्धा त्याचा. पण गाडी काय अर्ध्या बोगद्यातून जाते का? इकडचा म्हणाला टोल बरोबर आणि तिकडचा म्हणाला चूक, तर गाडीवाल्यानं करायचं काय, समुद्राच्या मध्यावर उतरायचं? म्हणून दोघांनी सहकार्याचा करार केला: कागदपत्रं एकमेकांना दाखवायची, निर्णयाआधी बोलायचं, आणि शेवटी सही आपापल्या हद्दीपुरती, पण एकमेकांशी जुळणारी. दोघांनाही आपला अधिकार सोडायचा नव्हता आणि मला वाटतं तेच शहाणपणाचं झालं, कारण तिसरा नवा साहेब बसवला असता तर तो कुणाचा माणूस यावरच दहा वर्षं भांडण झालं असतं.

आपल्याकडं असा भाड्याचा स्वतंत्र पंचच नाही. सुरक्षा आयुक्त आहेत, ते रेल्वेच्या हाताखाली नकोत म्हणून त्यांना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलंय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2017 ला केंद्रानं भाड्याबाबत सल्ला देणाऱ्या रेल्वे डेव्हलपमेंट अथॉरिटीला मंजुरी दिली होती, असो, त्यावर बोलायला लागलो तर तुमची शेवटची सिटी बस जाईल.

मागं बसलेल्या काकांनी मघाशी विचारलं, बरोब्बर मध्यरेषेवर गाडी बंद पडली तर कोण बघणार? काका, गाड्या कुणाच्याही असोत, बोगदा चालवणारी आणि आतली वाहतूक बघणारी कंपनी एकच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ड्रायव्हरला ती रेघ जाणवतच नाही, ती फक्त या दोन ऑफिसांच्या टेबलावर आहे.