डीए सिलिंडरच्या पोटात काय असतं?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दोन सिलिंडर जोडीनं उभे असतात. काळा ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा, म्हणजे डीएचा (डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, विरघळवलेला ॲसिटिलीन). ऑक्सिजनचा आतून पोकळ. डीएचा मात्र गळ्यापर्यंत घट्ट भरलेला. चुना, सिलिका आणि पाण्याचा लगदा सिलिंडरमध्येच ओततात, वाफेच्या दाबाखाली शिजवतात, मग वाळवतात. उरतो कॅल्शियम सिलिकेटचा गाभा. त्यातली सुमारे 90 टक्के जागा निव्वळ छिद्रांची.

एवढा खटाटोप का? ॲसिटिलीन नुसता दाबून भरला, तर हवेचा कणही नसताना फुटू शकतो. त्याचे रेणू तुटून काजळी आणि हायड्रोजन होतात, त्या उष्णतेनं शेजारचे रेणू तुटतात. बारीक छिद्रांच्या भिंती ती उष्णता खेचून घेतात आणि साखळी तिथंच तुटते. शिवाय छिद्रांत ॲसिटोन हे द्रव मुरवलेलं असतं, गॅस त्यात विरघळून राहतो. म्हणूनच सुमारे 15 बार दाबानं तो भरता येतो.

हे तंत्र स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी दीपगृहांसाठी पक्कं केलं. 1912 साली ॲसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोटात त्यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गाभ्याचं संरक्षण व्हॉल्व्हपाशी संपतं. होज पाइपमध्ये गॅस मोकळा असतो, म्हणून रेग्युलेटरचा काटा 1 बारच्या वर नेऊ नका. तासाला भरलेल्या गॅसच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त ओढू नका. 6 घनमीटरच्या सिलिंडरमधून साधारण 850 लिटर. मोठं नोझल लावून जास्त ओढलं, की गॅसबरोबर ॲसिटोनही येतं. ज्योतीचा रंग बिघडतो, होजचं रबर खराब होतं. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तरी तेच. आडवा आणला असेल, तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवा, मगच जोडा.

ट्रकवरून सिलिंडर आपटून उतरवणं सर्रास चालतं, आणि ते थांबलंच पाहिजे. हादऱ्यानं गाभा खचतो, वर पोकळी तयार होते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्या पोकळीत साखळी रोखायला भिंतच नसते.

बॅकफायरनंतर, म्हणजे ज्योत उलटी आत शिरल्यावर, सिलिंडर तापू लागला, तर शक्य असेल तरच व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडर हलवू नका. शेड रिकामी करा, अग्निशमन दलाला बोलवा. आडोशामागून, लांबूनच पाणी मारलं जातं. पाणी थांबवल्यावर सिलिंडरच्या ओल्या पत्र्यावर एखादा डाग झरझर वाळला किंवा वाफ निघाली, तर आतलं विघटन चालूच आहे. पाणी पुन्हा सुरू करायचं.